पाहुण्यांचं मानधन: विद्यापीठातल्या आयोजकांनो, या चुका टाळा

कॅनडातल्या एका विद्यापीठात विभागाचे कार्यक्रम मी सांभाळते. पहिल्याच वर्षी क्री या इथल्या आदिवासी समाजाच्या एका एल्डर (समाजानं मानलेल्या ज्येष्ठ, जाणत्या) आजींना सुरुवातीच्या प्रार्थनेसाठी बोलावलं आणि कार्यक्रम संपताच त्यांच्या हातात चार पानी नोंदणी अर्ज ठेवला. पैसे पोचायला सहा आठवडे लागले. लग्न लावून झाल्यावर भटजींकडे पॅन कार्ड मागावं आणि दक्षिणा पुढच्या महिन्यात खात्यावर येईल म्हणावं, त्यातलाच प्रकार.

तेव्हापासून मानधनाचं पाकीट त्याच दिवशी, हातात. त्यासाठी लेखा विभागाच्या मागे दोन-तीन आठवडे आधीच लागावं लागतं. सिन (कॅनडातला सामाजिक विमा) क्रमांक हवा असेल तर बोलावतानाच, कारण सांगून विचारा. टी४ए, म्हणजे दिलेल्या पैशांची करासाठीची पावती, निघणार असेल तर तेही तेव्हाच सांगा. फेब्रुवारीत तो कागद अचानक घरी आला की कोणीही गांगरतं. आणि ‘ते स्टेटस इंडियन (सरकारदरबारी नोंद असलेले आदिवासी) आहेत, म्हणजे कर नाहीच’ असं परस्पर ठरवू नका. इंडियन ॲक्ट या त्यांच्याविषयीच्या कायद्याच्या कलम ८७ ची करसूट मिळकतीचा रिझर्व्हशी, म्हणजे त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनीशी, संबंध किती, यावर ठरते.

तंबाखूचं तर मी पार उलटं केलं होतं. क्री आणि अनिशिनाबे या आदिवासी लोकांत एल्डरना विनंती करतानाच तंबाखू पुढे करतात, अक्षता देऊन लग्नाचं बोलावणं करावं तशी. एल्डरनी घेतली की त्यांनी काम स्वीकारलं. मी ती शेवटी, आभाराची भेट म्हणून दिली! इन्युइट (उत्तर ध्रुवाकडच्या आदिवासी) पाहुण्यांपुढे मात्र ती ठेवू नका, त्यांचा तो रिवाज नाही. पेट्रोल, मुक्काम वेगळा द्या, मानधनातून वळता करू नका. एल्डरांना गाडीनं घेऊन येणारा नातू किंवा मदतनीस असतो, त्यालाही पाकीट हवं. हे बजेटमध्ये हमखास राहून जातं.

भारतातून येणाऱ्या वक्त्यांची अडचण निराळी. अनिवासी माणसाला कॅनडात केलेल्या कामाचे पैसे देताना १५ टक्के कापून सरकारजमा करावे लागतात. पुण्याच्या एका प्राध्यापकांना आम्ही १००० डॉलर कळवले होते, हातात पडले ८५०. या कपातीतून सवलत मिळवण्याचा अर्ज निदान ३० दिवस आधी करायचा असतो. आमच्या लक्षात आलं तेव्हा सर विमानात बसले होते. आता आमंत्रणपत्रातच कपातीआधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे लिहिते.