क्रिस्टल व्हायोलेटचा रन घ्यायच्या आधी हे सगळं तयार ठेवा

सांगलीत उन्हाळ्यात प्रोजेक्टसाठी क्रिस्टल व्हायोलेट (जांभळा डाय) आणि कॉस्टिकची (सोडियम हायड्रॉक्साइड) रंग उडवणारी रिॲक्शन आर्डुइनोवर (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) पकडणार असाल तर सगळ्यात आधी कागद पेन घ्या आणि रिॲक्शन किती वेळात उरकते ते काढा, कारण एकदा ओतलं की मधे थांबवून काही नीट करता येत नाही. मिक्स झाल्यावर कॉस्टिक ०.१ मोलर राहत असेल तर २५ अंशाला अर्धा रंग अर्ध्या-पाऊण मिनिटात जातो, ०.०२ ला तीनेक मिनिटं मिळतात, पहिल्यांदा करताय तर ०.०२ च घ्या. डाय १० मायक्रोमोलरच्या आसपास पुरतो, जास्त गडद केलात तर एलईडीचा उजेड सोल्युशनमधून पलीकडच्या फोटोडायोडवर (उजेड मोजणारा सेन्सर) पोचतच नाही आणि आर्डुइनोच्या १० बिटच्या एडीसीत (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) ५ व्होल्टचे १०२४ च भाग, म्हणजे एक पायरी जवळपास ५ मिलिव्होल्टची, मग सुरुवातीचा ग्राफ पायऱ्यापायऱ्यांचाच येणार.

एलईडी पिवळा, ५९० नॅनोमीटरच्या जवळचा, आणि रनच्या पंधरा मिनिटं आधी लावून ठेवलेला. वर काळा खोका घाला, नाहीतर ट्यूबलाईट ग्राफमधे दिसते. तरीपण २० मिलिसेकंदांची सरासरी घ्याच, म्हणजे मेनचा ५० हर्ट्झ आपोआप कटतो, आणि सेकंदाला ५-१० पॉईंट खूप झाले.

आता लाईटचं. लॅपटॉप चार्जरवर असताना लाईट गेली तर यूएसबीचा व्होल्टेज थोडा हलतो, एडीसीचा रेफरन्स (ज्याच्या तुलनेत तो मोजतो) तोच, एलईडीपण त्यावरच, त्यामुळे ग्राफमधे मधेच पायरी येते आणि ती रिॲक्शनची वाटते. म्हणून बॅटरी फुल करून चार्जर काढूनच पूर्ण रन घ्यायचा, स्लीप मोड आणि अपडेट बंद.

टेम्परेचरला तर अजिबात सूट नाही. एप्रिलात इथं नळाचं पाणीपण कोमट येतं आणि १० अंश वाढले की वेग साधारण दुप्पट होतो, तेव्हा दोन्ही सोल्युशन एकाच वॉटर बाथमधे आधीपासून ठेवा. कॉस्टिक हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतं, त्यामुळे ताजं करून टायट्रेट केलेलंच (नेमकी तीव्रता तपासलेलंच) वापरा. गॉगल, ग्लोव्ह्ज सांगायला नको.

डार्क (एलईडी बंद ठेवून) आणि ब्लँक (डाय न घालता) रीडिंग आधी घ्या, लॉगिंग ओतायच्या दहा सेकंद आधी सुरू करा म्हणजे ओतल्याचा झटका ग्राफमधेच दिसतो आणि झिरो टाईम तिथून धरता येतो. प्रत्येक रीडिंगसोबत आर्डुइनोचा मिलिसेकंदांचा टाईम सेव्ह करा, डिले मोजून वेळ धरू नका, आणि फाईलमधे कच्चे एडीसीचे आकडेच जाऊ देत, ॲब्सॉर्बन्स (डायने किती उजेड शोषला त्याचं माप) नंतर निवांत काढता येतो.