अंटार्क्टिकाला निघताना आधी वेल्क्रो साफ करा

अंटार्क्टिकातल्या भारताच्या मैत्री किंवा भारती संशोधन स्थानकावर जायचं असेल, तर पर्यावरण जपायचं निम्मं काम बॅग भरतानाच करावं लागतं. २००७-०८ च्या हंगामात अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांचं सामान तपासलं, तेव्हा ज्यांच्याकडे बिया सापडल्या त्यांच्याकडे सरासरी ९.५ निघाल्या. अंटार्क्टिकातल्या किंग जॉर्ज बेटावर पोआ अ‍ॅन्युआ हे परकं गवत असंच माणसांमागून येऊन रुजलं.

मोहिमेआधी औलीला होणाऱ्या बर्फातल्या प्रशिक्षणातले बूट किंवा सह्याद्रीत फिरलेली सॅक धुतली म्हणजे झालं, असं नाही. कुसळांचे बारीक काटे उलटे असतात, त्यामुळे धुण्यात ती सुटत नाहीत. वेल्क्रो उघडून उजेडात धरा आणि कुसळ चिमट्यानं टोकाच्या दिशेनं ओढा, उलटं ओढलं तर तुटून आतच राहतं. खिसे उलटे करून शिवणींवर व्हॅक्यूमची अरुंद नळी फिरवा. बडीशेपेचे दाणे हमखास निघतात!

बुटांच्या खाचांतली माती आधी दाभणानं काढा. मग लिटरभर पाण्यात १० ग्रॅम व्हरकॉन एस हे जंतुनाशक घालून त्यात तळवे दहा मिनिटं बुडवा. माती राहिली तर औषधाचा जोर तिच्यावरच खर्च होतो. द्रावणाचा गुलाबी रंग उडाला की नवं करा.

थर्माकोलचे मणी पॅकिंगला वापरू नका, अंटार्क्टिकाच्या पर्यावरण रक्षणासाठी झालेल्या माद्रिद करारानुसार त्यांना बंदीच आहे. खोक्यांतल्या वस्तू घरीच डब्यांत भरून घ्या. कोंबडीची हाडं स्कुआ या तिथल्या समुद्री पक्ष्यांना घालायची नाहीत, त्यातून रोग पसरतो.

मैत्री शिर्माखर ओअ‍ॅसिसमध्ये, म्हणजे उघड्या खडकावर आहे आणि भोवती शंभराहून जास्त तळी आहेत. बर्फ नसलेल्या जमिनीवर किंवा गोड्या पाण्यात कचरा, सांडपाणी टाकायला मनाई आहे. दिवसभर बाहेर काम असेल तर लघवीसाठी रुंद तोंडाची, खूण केलेली बाटली ठेवा. पाण्याच्या बाटलीशी गल्लत नको.

सर्वात जास्त नुकसान इंधन सांडल्यानं होतं, कारण ते बर्फातून खाली झिरपतं आणि वरून दिसत नाही. २०० लिटरचं पिंप उभं ठेवलं तर झाकणावर वितळलेलं पाणी साचून बुचातून आत शिरतं. ते आडवं ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी. इंधन काढताना खाली ट्रे आणि हाताशी तेल शोषणारे पॅड हवेतच. सांडलंच तर फावड्यानं तो बर्फ लगेच रिकाम्या पिंपात भरा. वर ताजा बर्फ पडला की जागाही सापडत नाही.