दरीत तंबू कुठे ठोकाल?

डिसेंबर-जानेवारीत बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडच्या दऱ्यांत मुक्काम करायचा तर तंबू ओढ्याच्या काठी ठोकू नका. जागा दिसायला झकास, पण रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि तळाशीच साचते. थोडं वर, झाडांच्या आडोशाची सपाटी बघा. अंगावर एक घोंगडं असेल तर खाली दोन घाला. जमीन अंगातली ऊब ओढून घेते. (आम्ही बेळगावकर कुंद्याचा डबा आठवणीनं घेतो, चटई विसरतो!) तंबूची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ कापडावर जमून पहाटे तोंडावर ठिबकते. दरीत ऊन लवकर जातं, चारपर्यंत पोचाच. याच भागातल्या भीमगड अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका.