जुना डाव अभ्यासावा कसा : फिशर-स्पास्की, १९७२

बुद्धिबळ स्पर्धेतील नोंदवलेला डाव हाती आला की बहुतेक विद्यार्थी भराभर शेवटच्या चालीपर्यंत जातात आणि लगेच संगणकाचे मत पाहतात. कोल्हापुरात माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना मी आधी पट मांडायला, पुढच्या चाली कागदाने झाकायला आणि प्रत्येक वळणावर स्वतःची चाल वहीत लिहायला सांगतो.

यासाठी २३ जुलै १९७२ रोजी आइसलँडमधील रेकयाविक येथे झालेला, बॉबी फिशर (पांढरी मोहरी) आणि बोरिस स्पास्की (काळी मोहरी) यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतील सहावा डाव घ्यावा. फिशरने सुरुवात सी-४ ने, म्हणजे सी पट्टीवरील प्यादे चौथ्या घरात नेऊन केली, तरी तिसऱ्या चालीपर्यंत पटावर वजिराच्या गॅम्बिटचा अस्वीकार (क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड) ही सुरुवातीची रचना उभी राहिली. म्हणून ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीचा प्रकार, पहिल्या चालीवरून नव्हे, स्थितीवरून ओळखावे. स्पास्कीच्या सातव्या, बी-६ या चालीमुळे तो टार्टाकोव्हर बचाव, म्हणजे याच रचनेचा एक उपप्रकार, झाला.

पांढऱ्याच्या तेराव्या चालीवर, म्हणजे वजीर ए-३ वर आल्यावर, निदान अर्धा तास थांबावे, कारण डावाचे मर्म येथेच आहे. हा वजीर आणि ई-७ वरील काळा वजीर एकाच तिरप्या रेषेत असून मध्ये सी-५ चे प्यादे आहे. ते हलले तर काळा वजीर मारला जातो. शिवाय सी-१ वरील हत्तीचा रोखही त्याच प्याद्यावर आहे.

पांढऱ्याची पुढची, उंट बी-५ ही चाल सोव्हिएत ग्रँडमास्टर फुर्मनने १९७० मध्ये ग्रँडमास्टर गेलरविरुद्ध खेळली होती. स्पास्कीने ए-६ ने उत्तर दिले आणि त्याची सी व डी पट्टीवरील प्यादी पुढे ओझे ठरली. विसाव्या चालीत त्याने डी पट्टीवरील प्यादे डी-४ वर नेल्यावर तर पांढऱ्या उंटाला सी-४ हे सुरेख घर मिळाले. उत्तरार्धातील हल्ला देखणा आहे, पण त्याची बीजे येथे आहेत.

मग त्याच स्थितीचे नंतरचे डाव शोधावेत. स्पास्कीचा साहाय्यक असलेल्या गेलरने १९७३ मध्ये डच खेळाडू टिमनविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळताना चौदाव्या चालीत ए-६ ऐवजी वजीर बी-७ वर नेला. त्यामुळे तिरप्या रेषेतील अडकण सुटली, उंटावर हल्ला झाला आणि टिमनने सी-५ चे प्यादे मारूनही डाव गेलरने जिंकला.

संगणक आता उघडावा, आणि तोही वहीतील शंकांपुरताच. खासबागेत पाहिलेली पकड पैलवान तालमीच्या मातीत करून पाहतो, तसे वजीर बी-७ नंतरची स्थिती मांडून घड्याळ लावून एकदा पांढऱ्याकडून आणि एकदा काळ्याकडून खेळावी.