डेंग्यूची मोहीम: आधी अडचण शोधा, सिद्धांत मग निवडा

इंदूरमध्ये पावसाळा लागला की मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डेंग्यूची पत्रकं फिरू लागतात. पाणी साचू देऊ नका, मच्छरदाणी लावा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. हे सगळ्यांना पाठ आहे, तरी कूलरच्या टाकीत अळ्या सापडतातच. माहिती आणि कृती यांच्यामध्ये काय अडतं, ते हुडकायला वर्तनाचे सिद्धांत उपयोगी पडतात. लोकमान्यनगर, सुदामानगर किंवा राजेंद्रनगरातल्या एखाद्या मंडळाला 50 ते 100 घरांत मोहीम घ्यायची असेल, तर ती अशी आखावी.

सुरुवातीला एकच कृती ठरवा. 'स्वच्छता ठेवा' ही कृती नव्हे. 'पाण्याचा ड्रम, कूलर आणि पक्ष्यांचे सकोरे रिकामे करून आतून ब्रशने घासणे' ही कृती आहे. ती केली की नाही, हे डोळ्यांनी दिसतं. घासणं का, तर डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या बाजूला अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून पुन्हा भरलं, तर अंडी तिथेच राहतात. उन्हाळ्या-पावसाळ्याच्या उष्णतेत अंड्यापासून डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात, म्हणून घासणं आठवड्याच्या आत व्हायला हवं.

आता 12 ते 15 घरी जाऊन बोला. घरं वेगवेगळी निवडा: घरमालक, भाडेकरू, एकटे राहणारे आजी-आजोबा, वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड. 'ड्रम घासता का?' असं विचारलं की उत्तर 'हो'च येणार. त्याऐवजी 'काकू, ड्रम शेवटचा कधी घासला? त्यानंतर नळ आला तेव्हा का राहिलं?' असं विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

ही उत्तरं लावायला आरोग्य-विश्वास प्रतिमान सोयीचं आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगाची मोफत एक्स-रे तपासणी दारापर्यंत नेली, तरी पुरेसे लोक येईनात. असं का होतं, याचा शोध घेताना तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या हॉखबाउम, रोझेनस्टॉक आदी मानसशास्त्रज्ञांनी ते मांडलं. त्याचे प्रश्न साधे आहेत: मला हे होऊ शकतं असं वाटतं का? झालं तर किती गंभीर? केल्याचा फायदा होईल का? आड काय येतं? आठवण कशाने होते? मला जमेल का?

इंदूरमध्ये पहिल्याच प्रश्नावर बरीच घरं अडतात. स्वच्छ सर्वेक्षणात 2017 पासून सलग कित्येक वर्षं पहिलं आलेलं शहर, दारात रोज कचरागाडी. मग डास होतील ते नाल्याकाठी, आमच्याकडे कशाला? पण एडिसला स्वच्छ, साठवलेलं पाणीच आवडतं. हे भाषणात सांगून पटत नाही. त्याच घरच्या ड्रममधलं पाणी पांढऱ्या ताटलीत घ्या आणि टॉर्च लावा. अळ्या डोकं खाली करून पृष्ठभागाला लोंबकळतात आणि सावली पडली की वळवळत तळाशी जातात. हे पाहिल्यावर पुढचं बोलणं सोपं होतं.

दुसरी अडचण नळाची. जिथे नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, तिथे 'दर रविवारी कोरडा दिवस', म्हणजे सगळी भांडी रिकामी करून वाळवायचा दिवस, हा सल्ला चालत नाही. रविवारी नळ नसेल तर भरलेला ड्रम कोण ओतेल? तिथे 'दर तिसऱ्या नळाला' असं सांगा, म्हणजे सहावा दिवस येतो. त्या तारखांवर भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये गोल करून द्या आणि आदल्या संध्याकाळी ग्रुपवर एका ओळीचा निरोप टाका: 'उद्या नळ आहे, आज ड्रमचं पाणी वापरून संपवा.' नळाची वेळ बदलली तर तारखाही लगेच बदला, नाहीतर दोन आठवड्यांत गोल कोणी बघणार नाही.

तिसरी अडचण 'जमेल का' ही. 200 लिटरचा भरलेला ड्रम म्हणजे 200 किलो वजन. सत्तरीच्या आजींना तो कलंडत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुराने 'मला जमेल' या आत्मविश्वासाचे जे स्रोत सांगितले, त्यांत स्वतः करून पाहणं सर्वांत भक्कम, त्याखालोखाल आपल्यासारख्याच माणसाला करताना पाहणं. म्हणून प्रात्यक्षिक तरुण कार्यकर्त्याने करू नये, गल्लीतल्याच एखाद्या काकूंना करू द्यावं. पाणी आधी वापरून खाली आणायचं, उरलेलं पाइपने कुंड्यांना सोडायचं, लांब दांड्याच्या ब्रशने पाण्याची जुनी रेषा गोल घासायची, आणि भरल्यावर तोंडाला घट्ट कापड बांधायचं.

आणखी एक गोष्ट हमखास सुटते. बऱ्याच घरी ड्रम घासतात त्या कामवाल्या मावशी, आणि मराठी पत्रक वाचतात मालकीणबाई. तिथे मावशींशी हिंदीत किंवा माळवीत बोला. वाढीव कामाचे पैसे आणि वेळ मालकीणबाईंशी आधी ठरवा, नाहीतर निरोप मिळूनही काम होणार नाही.

माणूस सवय एका झटक्यात नाही, टप्प्याटप्प्याने बदलतो, असं सांगणारा बदलाच्या टप्प्यांचा सिद्धांत मुळात सिगारेट सोडण्याच्या अभ्यासातून आला. ड्रमच्या कामाला त्याचा उपयोग मर्यादित आहे. जी घरं सुरू करून सोडून देतात ती वेगळी नोंदवायची, एवढ्यापुरताच तो घ्या.

पोस्टर लिहिताना दोन चुका टाळा. नुसती भीती घालणारं चित्र लावलं आणि उपाय हाताशी दिला नाही, तर माणूस पोस्टरकडे बघणंच टाळतो. 'अजूनही अनेक घरं ड्रम झाकत नाहीत' असं लिहिलं, तर न झाकणं हीच रीत आहे असा अर्थ निघतो. झाकणारी घरं खरोखर निम्म्याहून जास्त असतील तरच आकडा लावा. कमी असतील तर गेल्या वेळेपेक्षा किती वाढली, ते सांगा.

परिणाम विचारून मोजू नका, बघून मोजा. मोहिमेआधी आणि सहा आठवड्यांनी त्याच घरांत टॉर्च घेऊन जा. अळ्या सापडलेली घरं भागिले तपासलेली घरं, गुणिले 100, हा घर निर्देशांक. दर 100 घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, हा ब्रेटो निर्देशांक. शेजारची एक गल्ली मोहिमेविना तशीच मोजा, कारण पाऊस ओसरला की अळ्या आपोआपही घटतात. मोजणी झाली की तिथेही काम सुरू करा. दोन्ही वेळा अळ्या सापडलेल्या घरी पत्रक पुन्हा देऊ नका. तिथे 'का राहिलं?' हा प्रश्न पुन्हा विचारा. कधी कधी अडचण ड्रमची नसते, फ्रिजमागच्या ट्रेची किंवा गच्चीवरच्या टाकीच्या तुटक्या झाकणाची असते.