कंडक्टिव्हिटी मीटरचं कॅलिब्रेशन करताना या चुका टाळा

नागपूरजवळचे कारखाने, मग बुटीबोरी असो की हिंगणा, बॉयलरचा ब्लोडाउन (क्षार साचलेलं पाणी) कधी सोडायचा, डीएम प्लांटचं (पाण्यातले क्षार काढणाऱ्या यंत्रणेचं) रेझिन कधी रिजनरेट करायचं, हे पाण्याच्या वाहकतेच्या, म्हणजे कंडक्टिव्हिटीच्या, आकड्यावर ठरतं. आकडा पटेनासा झाला की लगेच मीटर पुन्हा कॅलिब्रेट करतात. माझ्या मते इथेच घाई होते, कारण अस्वच्छ किंवा गरम प्रोब (मीटरचा पाण्यात बुडवायचा भाग) कॅलिब्रेट केला की तात्पुरती चूक मीटरमध्ये कायमची जाऊन बसते.

तापमानाकडे सगळ्यात आधी बघा. १४१३ मायक्रोसिमेन्सचं स्टँडर्ड (मीटर ज्याच्याशी जुळवतात ते द्रावण) म्हणजे पोटॅशियम क्लोराइडचं ०.०१ मोलर द्रावण, आणि त्याची वाहकता १४१३ असते ती फक्त २५ अंशांना. २० अंशांना ती १२७८ असते, म्हणजे दर अंशामागे साधारण दोन टक्के फरक. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. शेडमधल्या बाटलीतलं द्रावण ४० अंशांना असेल, तर त्याची खरी वाहकता १८०० च्या वर असते. तापमानाचं कॉम्पेन्सेशन (रीडिंग २५ अंशांच्या हिशेबाने दाखवणं) बंद ठेवून तिथे १४१३ भरलं, तर पुढचं प्रत्येक रीडिंग वीस टक्क्यांहून जास्त कमी येईल. कॉम्पेन्सेशन चालू असलं तरी प्रोबमधला तापमानाचा सेन्सर बरोबर आहे का, हे वेगळ्या थर्मामीटरने तपासा. गरम लाइनमधून काढलेला प्रोब लगेच स्टँडर्डमध्ये बुडवू नका. त्याला आधी निवू द्या आणि तापमानाचा आकडा थांबला की मगच पुढे जा.

बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या कूलिंग टॉवरमध्ये इलेक्ट्रोडवर क्षार साचतात. मग रीडिंग कमी येतं आणि कॅलिब्रेशननंतर सेल कॉन्स्टंट (मीटर रीडिंग काढताना वापरतो तो प्रोबचा गुणक) वाढलेला दिसतो. १.० चा प्रोब १.२ दाखवू लागला, तर तो आकडा स्वीकारू नका. प्रोब सौम्य आम्लात धुवा, डीएम पाण्याने खळबळून घ्या आणि पुन्हा बघा. प्लॅटिनमचा काळा थर असलेल्या इलेक्ट्रोडला ब्रश लावायचा नाही, थर निघून जातो.

बुडबुडा अडकला तरी आकडा खाली येतो, तेव्हा प्रोब हलकेच हलवून घ्या. वापरलेलं स्टँडर्ड बाटलीत परत ओतू नका. इंडक्टिव्ह प्रोब (इलेक्ट्रोडऐवजी कॉइलने मोजणारा) असेल तर अरुंद बीकर चालत नाही, भिंत जवळ आली की रीडिंग बदलतं.

अतिशुद्ध पाण्याची गोष्ट वेगळी. २५ अंशांना त्याची वाहकता ०.०५५ मायक्रोसिमेन्स असते, पण उघड्या बीकरमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड मिसळून ती १ च्या आसपास जाते. म्हणून असा मीटर बीकरमध्ये तपासू नका, बंद फ्लो सेलमध्ये (हवा न लागता पाणी वाहतं ठेवणाऱ्या भांड्यात) संदर्भ मीटर जोडून तुलना करा.

आणि बदल करण्याआधीचं रीडिंग रजिस्टरमध्ये नक्की लिहा. मागच्या कॅलिब्रेशनपासून मीटर किती सरकला, ते फक्त त्यावरूनच कळतं, आणि पुढचं कॅलिब्रेशन महिन्याने करायचं की तीन महिन्यांनी, हेही त्यावरूनच ठरवता येतं.