इंदूरचा सराफा: रिकाम्या पोटी आणि उशिरा जा

इंदूरला गेलात तर रात्रीचं जेवण हॉटेलात अजिबात उरकू नका. राजवाड्यामागचा सराफा दिवसभर सोन्याचांदीचा बाजार असतो. पेढ्यांची शटरं खाली आली की त्याच ओट्यांपुढे खाऊच्या गाड्या लागतात. नऊच्या आधी पोचलात तर मांडामांडच दिसेल. दहानंतर खरी रंगत.

चौघांत एकच प्लेट घ्या, नाहीतर तिसऱ्या गाडीपाशीच पोट भरतं. सुरुवात भुट्ट्याच्या किसाने करा: कोवळं कणीस किसून तुपावर परततात, दुधात शिजवतात, वर लिंबू नि कोथिंबीर. थंडीत गेलात तर गराडू चुकवू नका. हा कंद तुमच्यासमोर दुसऱ्यांदा तळून, मसाला भुरभुरून, लिंबू पिळून देतात. गरम असतानाच खा. जिलबी शेवटी. सकाळी पोह्यांवर शेव आणि जिरावण, म्हणजे वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला, मागून घ्या, जिरावणाची पुडी घरीही न्या.

रंगपंचमीला जाणार असाल तर मुक्काम राजवाड्याच्या चालत अंतरावरच हवा. त्या दिवशी गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते, रस्ते बंद होतात, रिक्षा मिळत नाही. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत, अंगावर जुने कपडे.

राजवाडा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी निवांत बघा. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. होळकरांची ही वास्तू मराठी माणसाने घाईत बघू नये.